टॉरस जी२सी : स्वस्तातल्या पिस्तुलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या आसपास मराठी माणसं वाढली, तसे गणपतीच्या पंगतीतही कोणी ना कोणी बाजूला घेऊन हळू आवाजात हे प्रश्न विचारतं. बहुतेकांना ग्रीन कार्ड नुकतंच मिळालेलं असतं आणि दुकानाच्या काचेमागे दोनशे-सव्वादोनशे डॉलरची चिठ्ठी दिसलेली असते. एवढ्या पैशात मिळणारी वस्तू धड असेल का, ही शंका त्यातून येते. हे पिस्तूल माझ्याकडे काही वर्षं आहे. सगळ्यांना तीच तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. कायद्याबद्दल जे लिहिलंय ती ढोबळ माहिती आहे. स्वतःच्या व्हिसाचा सवाल असेल तर वकील गाठा, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका.

हे पिस्तूल नेमकं कसलं?

टॉरस ही ब्राझीलची कंपनी. जी२सी हे तिचं ९ मिमीचं छोटेखानी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, १२ गोळ्या बसतात. नळी ३.२ इंचाची, पूर्ण लांबी सव्वासहा इंचाच्या आसपास, रिकामं वजन साधारण ६२० ग्रॅम. मूठ पॉलिमरची आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, पोलादाची. आधी हेच पिस्तूल पीटी१११ जी२ या नावाने विकलं जायचं.

मी एच-१बीवर आहे. घेता येईल का?

नाही. आणि हे उत्तर नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा, गुन्हा आहे. नोकरीचा एच-१बी, त्यावर आलेल्या कुटुंबाचा एच-४, कंपनीतल्या बदलीचा एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, पर्यटकांचा बी-२ सगळे त्यात आले. राज्य टेक्सास असो की आणखी कुठलं, फरक पडत नाही. २०२२ पासून या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षांपर्यंत गेली आहे. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाण्याची पाळी येते ती वेगळीच.

"मी विकत कुठे घेतोय, मित्राबरोबर रेंजवर जाऊन त्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या तर मारणार" असं म्हणणारे खूप भेटतात. कायद्यात शब्द आहे बाळगणं. पिस्तूल तुमच्या हातात आलं की दहा मिनिटांसाठी का होईना, ते तुम्ही बाळगलंत. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचं कॉलेज सुटलं होतं, व्हिसाची मुदत संपली होती, आणि तो शूटिंग रेंजवर गेला. त्यावरून झालेला खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. २०१९ चा रिहाफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा निकाल तो हाच. आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं असं कोर्टाने त्यात म्हटलं. पण एका दुपारच्या हौसेपायी तिथवर जायची कोणाची तयारी आहे?

शिकारीच्या परवान्याची पळवाट आहे म्हणतात, ती खरी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असलेल्यांना कायद्यात अपवाद आहे, आणि काही जण तो काढून घेतातही. माझं मत विचाराल तर ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरून ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आला म्हणजे ग्रीन कार्ड आलं असंही समजू नका. कार्ड हातात पडेपर्यंत दम धरा.

ग्रीन कार्ड आहे. मग?

मग घेता येतं. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला फेडरल नियमाप्रमाणे वय २१ लागतं, आणि ती स्वतःच्या राज्यातच घ्यावी लागते. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, ग्रीन कार्ड आणि राज्याचं ओळखपत्र दाखवायचं. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे तुमची चौकशी करतो. बहुतेकदा काही मिनिटांत होकार येतो. नावसाधर्म्यामुळे किंवा आणखी कशाने "डिलेड" आलं तर घाबरू नका, थांबा.

फॉर्मवर गांजाबद्दल एक प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याच्या नजरेत तो वापरणाऱ्याला बंदूक मिळत नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा.

इतकं स्वस्त कसं काय? काही गोम आहे का?

गोम म्हणावी असं काही नाही, पण कंपनीच्या पाटीवर एक जुना डाग आहे आणि तो माहीत असलेला बरा.

टॉरस १९३९ साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे इथे सुरू झाली. १९८० मध्ये तिने बेरेटाचा साओ पाउलोतला कारखाना यंत्रसामग्रीसकट घेतला आणि पीटी९२ हे पिस्तूल काढलं. आजही जुनी मंडळी त्याचं कौतुक करतात. अमेरिकेतला तिचा कारभार आधी मायामीत होता, २०१९ मध्ये तो जॉर्जिया राज्यातल्या बेनब्रिजला गेला. ब्राझीलमधली मजुरी, प्रचंड उत्पादन, आणि बाहेरच्या फिनिशवर हात आखडता, एवढ्यात किमतीचा हिशोब लागतो. आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक : जिंदाल समूहाबरोबर भागीदारीत हरियाणातल्या हिसारला टॉरसचा कारखाना आहे.

आता डाग. टॉरसच्या काही जुन्या पिस्तुलांबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा झाला होता. पिस्तूल खाली पडल्यावर गोळी सुटू शकते, अशी तक्रार होती. कंपनीने दोष मान्य न करता २०१५-१६ च्या सुमारास तडजोड केली. त्यात नऊ मॉडेलं होती. जुनं पीटी१११ मिलेनियम त्यात होतं, जी२ मालिका नव्हती. म्हणून सेकंडहँड बाजारात "पीटी१११" एवढंच लिहिलेलं दिसलं तर पुढे जी२ आहे का ते डोळ्यांनी वाचा. नावात एवढासा फरक, पण पिस्तुलं दोन वेगळी. जी२सीमध्ये स्ट्रायकर, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणारी खीळ, अडवून धरणारा अंतर्गत अटकाव आहे. चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो बाजूला होत नाही.

हातात कसं वाटतं?

इथे पैसे वसूल होतात. मुठीवर खरखरीत दाणेदार पोत आहे, घामेजल्या हातातूनही सटकत नाही. अंगठा टेकतो तिथे दोन्ही बाजूंना उथळ खोलगट जागा केली आहे, आणि बोट चापावर नसताना ते ठेवायलाही तशीच एक खूण आहे. नवख्या माणसाला ही दुसरी खूण फार कामाची, कारण बोट आपोआप तिथे जाऊन बसतं. पंजा मोठा असेल तर करंगळीला अर्धीच जागा मिळते. मॅगझिनला पुढे ओठ असलेला तळ लावून घेतला की प्रश्न मिटतो.

मॅगझिन नवीन असताना शेवटच्या दोन गोळ्या भरताना अंगठा अक्षरशः रडकुंडीला येतो. गोळ्या भरायचं प्लास्टिकचं लोडर दहा-पंधरा डॉलरला मिळतं, घेऊन टाका. स्प्रिंग काही दिवसांनी थोडी सैलावते.

झटका? लहान ९ मिमी जेवढा देईल तेवढाच. माझ्या बायकोला पहिल्यांदा दचकायला झालं ते आवाजाने, झटक्याने नव्हे. बंद रेंजवर कानात बोंडं आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा.

ट्रिगर विचित्र आहे असं ऐकलं.

आहे खरा. सुरुवातीचा प्रवास लांब आणि अगदी हलका. मग एक भिंत लागते आणि गोळी सुटते ती जवळजवळ शेवटाला, बोट मुठीपाशी पोचत आल्यावर. ग्लॉक या दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलाची सवय असलेल्याला आधी वाटतं की काहीतरी तुटलंय. पण गोळी सुटल्यावर चाप पुन्हा तयार होतो तो अगदी थोडा पुढे सोडला की. त्यामुळे दुसरी-तिसरी गोळी सोपी जाते. सवयीचा मामला आहे. घरी रिकाम्या पिस्तुलावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा वेळ कोरडा सराव केलात तर महिन्याभरात हाताला कळतं.

गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढता येतो म्हणे?

हो. जाहिरातीत याचाच डंका असतो. स्ट्रायकर आपटूनही गोळी फुसकी निघाली तर स्लाइड न ओढता पुन्हा चाप ओढून त्याच गोळीवर दुसरा ठोका देता येतो. चाप तेव्हा जड लागतो, एवढंच.

मला ही सोय फारशी कामाची वाटत नाही. जी गोळी एकदा फुसकी निघाली तिच्यावर दुसऱ्यांदा विश्वास का टाकायचा? कुठलाही प्रशिक्षक शिकवतो ते बरं : मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाइड पूर्ण मागे, नवी गोळी आत. रेंजवर मात्र एक पथ्य पाळा. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी समोर निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. गोळी उशिरानेही उडू शकते.

मध्येच अडकतं का?

स्वस्त पिस्तुलाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. छोट्या नळीच्या पिस्तुलात स्लाइडला मागे-पुढे जायला जागा कमी, स्प्रिंग कडक. मनगट सैल सोडलं तर झटक्यातला जोर हातात जिरतो, स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी खिडकीत उभी राहते. नवशिक्यांच्या दहापैकी बहुतेक तक्रारींचं मूळ मनगटात असतं. पिस्तूल दुसऱ्या सराईत माणसाच्या हातात देऊन पाहा, तिथे सुरळीत चाललं तर समजून जा.

तरीही, घराच्या रक्षणासाठी ठेवणार असाल तर आधी किमान दोन-तीनशे गोळ्या झाडून पाहा, आणि त्यात तुम्ही घरी भरून ठेवणार त्या प्रकारच्या गोळ्या थोड्या असू द्या. हा नियम दोनशे डॉलरच्या पिस्तुलाला लागू आहे तसाच हजार डॉलरच्यालाही. फक्त स्वस्तवाले तो पाळत नाहीत, कारण चाचणीच्या गोळ्यांचा खर्च पिस्तुलाच्या किमतीच्या निम्म्याकडे जायला लागतो आणि जीवावर येतं.

निशाणा कसा लागतो?

सात यार्डावर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या बसवणं सरावाने सहज जमतं. त्यापुढे हात चांगला हवा. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, प्लास्टिकची आहे, स्क्रूने हलवता येते. ग्लॉकच्या मापाची खाच नसल्यामुळे बदलून दुसरी बसवायची तर पर्याय मोजकेच. या पिस्तुलातली सगळ्यात स्वस्त दिसणारी वस्तू हीच.

मग थेट ग्लॉक १९ का घेऊ नये?

ऐपत असेल तर घ्या की. पाचशे-साडेपाचशे डॉलर पडतील, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतील, विकताना पैसेही बरे येतील. पण माझ्या पाहण्यात असेही लोक आहेत ज्यांनी महागडं पिस्तूल घेतलं आणि गोळ्यांचं पहिलं खोकंही संपवलं नाही. उरलेल्या तीनशे डॉलरात जी२सीवाला एक दिवसाचा शिकवणीवर्ग करून वर पाचेकशे गोळ्याही झाडू शकतो. हात कोणाचा बसेल हे उघड आहे.

जी३सी बरं का जी२सी?

नवीन घेत असाल तर जी३सी, म्हणजे याचंच पुढचं मॉडेल. किंमत थोडी जास्त, पण साइट पोलादाची आणि ग्लॉकच्या मापाची, स्लाइडला पुढच्या बाजूलाही खाचा, आणि मॅगझिन तीन. जी२सी हातात असेल तर केवळ एवढ्यासाठी बदलू नका.

सेफ्टीचा खटका लावून ठेवावा का?

अंगठ्याने खाली-वर होणारा खटका डाव्या बाजूला आहे. वर केला की चाप अडतो. लावायचा की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं म्हणणं एवढंच : एक काय ते ठरवा आणि तीच सवय ठेवा. आज लावला, उद्या नाही, असं करणाऱ्याला ऐन वेळी तो कुठल्या स्थितीत आहे हे आठवत नाही. डावखुऱ्यांची मात्र या खटक्याने पंचाईत होते.

आणि खटका लावला म्हणून नळी कोणाकडेही करायची मुभा मिळत नाही.

एकूण खर्च किती येतो?

पिस्तूल सव्वादोनशे धरा. कान-डोळ्यांची साधनं पन्नास. झटपट उघडणारी छोटी तिजोरी शंभर ते दीडशे. सरावाच्या ११५ ग्रेनच्या साध्या गोळ्या ५० च्या खोक्याला बारा ते पंधरा डॉलर, घरासाठीच्या होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या, त्याहून बऱ्याच महाग. रेंजची फी तासाला वीसच्या आसपास. शिकवणीवर्ग शंभर-दीडशे. म्हणजे पहिल्या वर्षात पिस्तुलाच्या किमतीच्या तिप्पट तरी जातात. २०२०-२१ मध्ये गोळ्यांचा तुटवडा होता तेव्हा हा आकडा कुठच्या कुठे गेला होता.

घरात लहान मुलं आहेत.

तर आधी तिजोरी, मग पिस्तूल. क्रम उलटा नको. कपाटाचा वरचा खण, उशीखाली, साड्यांच्या घडीत, या जागा मुलांना तुमच्या आधी ठाऊक असतात. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशा तऱ्हेने वापरायला तयार असलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. तिजोरीचा आकडा वाढदिवस किंवा लग्नाची तारीख ठेवू नका, आठवीतलं पोर ते पाच मिनिटांत ओळखतं. मुलं मोठी असतील तर झाकूनपाकून ठेवण्यापेक्षा एकदा बसवून नीट सांगा.

माझी बायको एच-१बीवर आहे, आईबाबाही भारतातून येणार आहेत. त्यांचं काय?

तुम्ही नागरिक असाल आणि घरातली बाकी माणसं नॉन-इमिग्रंट व्हिसावर, तर तिजोरीची किल्ली आणि आकडा फक्त तुमच्याकडे हवा. ज्याला हवं तेव्हा तिथवर पोचता येतं त्याने ती वस्तू बाळगली, असा अर्थ कोर्ट लावू शकतं. बी-२ वर आलेल्या बाबांनी फोटोपुरतं हातात धरलं, हेही नको. तो फोटो गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार हे तर ठरलेलंच.

साफ कसं करायचं?

मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून चाचपा, पुन्हा पाहा. एवढी खातरजमा यासाठी, की स्लाइड उतरवताना या पिस्तुलाचा चाप ओढावा लागतो. साफ करता करता गोळी सुटली अशा ज्या बातम्या येतात त्यातल्या कितीतरी या एका पायरीवर घडतात. बाकी ब्रश, सॉल्व्हंट, चार थेंब तेल. तेलाने अंघोळ घालू नका.

जवळ बाळगता येतं का?

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून बंदी नसलेल्या २१ वर्षांवरील माणसाला परवान्याशिवाय हँडगन सोबत घेऊन फिरता येते. तरी परवाना काढावा, असं मी म्हणेन. शाळेच्या परिसरातून जाताना फेडरल कायद्यात परवानाधारकाला सवलत आहे, आणि वर्गात चार गोष्टी कानावर पडतात. दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ किंवा लाल अक्षरात ५१% अशी पाटी, म्हणजे आत बंदूक नेण्यावर बंदी सांगणारी पाटी, दिसली की वाचायला थांबा. मंदिरात नेऊ नका, पाटी असो वा नसो. हे माझं मत झालं.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहतो.

तुमचं गणित वेगळं. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी पोलिसांकडून खरेदीचा परवाना लागतो आणि मॅगझिन १० गोळ्यांचंच चालतं, त्यामुळे १२ चं मॅगझिन बाद. कॅलिफोर्नियात दुकानातून नवी हँडगन घ्यायची तर राज्याच्या मान्य यादीत मॉडेल असावं लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राने टेक्सासात येऊन घेऊन जाऊ म्हटलं तर तेही जमत नाही.

भारतात परत जाताना नेता येईल?

नाही. भारतात ९ मिमी हा सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापात, येतो. तिकडे परवान्यावर मिळणारी पिस्तुलं बहुतेक .३२ ची असतात ती यामुळेच.

पिस्तूल कोणी नेत नाही, पण गोळी जाते. रेंजवर नेलेली सॅक घरी येते, कपाटात पडते, आणि दिवाळीला निघताना तीच विमानात. बाजूच्या कप्प्याच्या शिवणीत एक जिवंत काडतूस अडकलेलं असतं. मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर क्ष-किरण यंत्रात ते दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, अशी प्रकरणं वारंवार होतात. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं, या मुद्द्यावर कोर्टातून सुटका होऊ शकते, पण तोवर सुट्टी, परतीचं तिकीट, कदाचित नोकरीही गेलेली असते. रिकामी पुंगळी सापडली तरी खुलासे देत बसावं लागतं. रेंजची सॅक वेगळी, भडक रंगाची ठेवा आणि ती प्रवासाला कधीच काढू नका.

नंतर विकायचं झालं तर?

सव्वादोनशेचं पिस्तूल दीडशेला गेलं तरी नशीब. टेक्सासात खाजगी व्यवहार चालतो, पण मी परवानाधारक दुकानातूनच हस्तांतर करतो. वीस-तीस डॉलर जातात, समोरच्याची चौकशी होते, आणि पुढे त्या नंबराचं पिस्तूल कुठे सापडलं तर माझ्याकडे पावती असते.